आठव्या मैलाची शीव

एट माइल रोड हा डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवरून पूर्व-पश्चिम धावणारा रुंद आणि रुक्ष रस्ता आहे. शहराच्या मुख्य व्यापारी भागातल्या कॅम्पस मार्शियस चौकापासून उत्तरेला लागणारे आडवे रस्ते तेथे मैलांच्या हिशेबाने ओळखले जातात. हा आठव्या मैलावरचा. मिशिगनमधील जमिनीच्या मोजणीसाठी १८१५ मध्ये जी आधाररेषा धरण्यात आली, तिच्यावरच हा रस्ता पडला आहे. तीच रेषा पुढे सरकारी शीव झाली: दक्षिणेला वेन परगणा, उत्तरेला ओकलंड आणि मॅकोम्ब. कर्टिस हॅन्सन यांच्या ‘एट माइल’ (२००२) या चित्रपटाने एका धडपडणाऱ्या रॅपरच्या गोष्टीला या रस्त्याचे नाव दिले. पण ही शीव नकाशावरून माणसांच्या मनात उतरली होती ती त्याच्या कितीतरी आधी.

फोर्ड कंपनीने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली आणि डेट्रॉइटकडे माणसांचा ओघ लागला. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कामगारांना कारखान्यात काम मिळे, घर मात्र ठरावीक वस्त्यांतच. १९३४ पासून केंद्र सरकारची गृहनिर्माण संस्था घरकर्जांना हमी देऊ लागली, पण मिश्र किंवा कृष्णवर्णीय वस्तीला ती नाकारीत असे. १९४१ मध्ये एट माइलजवळच्या कृष्णवर्णीय वस्तीला लागून एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती. हमी मिळावी म्हणून त्याने दोन्हींच्या मध्ये सुमारे ६ फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत घातली. ती कोणाला अडवण्याइतकी उंच नव्हतीच. कर्जाच्या कागदापुरती ती पुरेशी होती. ती अजून उभी आहे. तिच्या काही भागावर आता रंगीत चित्रे आहेत.

१९५० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या १८,४९,५६८ होती. त्यानंतर गोरी कुटुंबे आणि पाठोपाठ कारखाने रस्त्यापलीकडे सरकत गेले. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे दगावली आणि हा ओघ आणखी वाढला. जानेवारी १९७४ मध्ये कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी गुन्हेगारांना एट माइलची वाट धरायला सांगितले. उपनगरांनी त्याचा अर्थ असा घेतला की महापौर आपले गुंड आमच्याकडे धाडत आहेत. त्याच वर्षी ‘मिलिकन विरुद्ध ब्रॅडली’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की वर्णभेद मोडण्यासाठी उपनगरांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय शहर आणि उपनगरांतील मुलांची शाळांमध्ये सरमिसळ लादता येणार नाही. मोजणीदाराच्या रेषेवर न्यायालयाचा शिक्का बसला. २००० पर्यंत शहराची वस्ती साडेनऊ लाखांवर आली होती आणि शंभरातले ऐंशीहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते.

चित्रपटातला रॅपर ज्यात उतरतो त्या शब्दांच्या झुंजीची, म्हणजे ‘बॅटल’ची, मुळे वेगळी आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकनांत ‘डझन्स’ नावाचा जुना खेळ आहे: चारचौघांत एकमेकांच्या घरादाराची उणीदुणी काढायची, आणि जो चिडला तो हरला. १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबात कूल मो डी याने बिझी बी याच्यावर केलेल्या हल्ल्यानंतर रॅपमध्ये ‘बॅटल’ला नवी धार आली. डेट्रॉइटमध्ये या झुंजीला जागा मिळाली ती कपड्यांच्या दुकानात. मॉरिस मलोन यांनी १९९३ मध्ये सेव्हन माइलवर हिप-हॉप शॉप काढले. तेथे शनिवारी माइक खुला असे आणि प्रूफ हा तरुण रॅपर सूत्रे सांभाळी. मार्शल मॅथर्स, म्हणजे एमिनेम, हा गोरा पोरगा तेथेच तावूनसुलाखून निघाला. १९९७ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘रॅप ऑलिम्पिक्स’मध्ये तो दुसरा आला.

१९९५ मध्ये घडणाऱ्या चित्रपटात एमिनेमने साकारलेला जिमी स्मिथ पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात राबतो आणि आईसोबत ट्रेलरमध्ये राहतो. एक झुंज मिशिगन थिएटरच्या भग्न छताखाली चित्रित झाली. १९२६ चे हे नाट्यगृह आज मोटारींचा तळ आहे, आणि हेन्री फोर्डने १८९६ मध्ये आपली पहिली गाडी जुळवली तीही याच जागी. अंतिम फेरीत जिमी आधी बोलतो. एरवी हे तोट्याचे, कारण उत्तर द्यायची संधी उरत नाही. तो गोरेपण, गरिबी, ट्रेलर ही स्वतःची सारी लक्तरे आधीच वेशीवर टांगतो आणि मग उघड करतो, की समोरचा पापा डॉक क्रॅनब्रुक या महागड्या खासगी शाळेत शिकला आहे. ही शाळा ओकलंड परगण्यात, शिवेच्या उत्तरेला. कृष्णवर्णीय प्रतिस्पर्धी श्रीमंत बाजूचा आणि गोरा नायक गरीब बाजूचा ठरतो. पापा डॉकला शब्दच सापडत नाहीत. जिंकलेला जिमी मात्र तेथे रेंगाळत नाही. कारखान्याच्या पाळीवर परततो.

चित्रपटाने अमेरिकेत पहिल्याच आठवड्याअखेरीस ५ कोटी डॉलरहून अधिक कमावले. मार्च २००३ मध्ये त्यातील एमिनेमचे ‘लूज युवरसेल्फ’ हे ऑस्कर मिळवणारे पहिले रॅपगीत ठरले. तो गैरहजर असल्याने गीताचे सहलेखक लुईस रेस्टो यांनी पुरस्कार स्वीकारला. सुरुवातीच्या फेरीत ज्याच्यापुढे जिमीची वाचा बसते, तो लिल टिक प्रूफने स्वतः रंगवला होता. एप्रिल २००६ मध्ये प्रूफ गोळीबारात मारला गेला, एट माइल रोडवरच्याच एका क्लबात.