कोर्लईची बोली

अलिबागला आपणांपैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. मांडव्यास लाँचमधून उतरावे, समुद्रकिनारी दोन दिवस काढावेत, ओहोटी साधून कुलाब्याच्या किल्ल्यातील गणपतीचे दर्शन घ्यावे, कान्होजी आंग्र्यांच्या समाधीपुढे हात जोडावेत आणि परतावे, असा आपला शिरस्ता. त्यात गैर काही नाही. पण तेथून दक्षिणेस १७-१८ किलोमीटरांवर चौल-रेवदंडा आहे आणि खाडी ओलांडली की कोर्लई. तिकडे फारसे कोणी वळत नाही.

चौल म्हटले की आज नारळी-पोफळीच्या वाड्या डोळ्यांपुढे येतात. परंतु दहाव्या शतकात मसूदी या अरब प्रवाशाने हेच बंदर ‘सैमूर’ या नावाने पाहिले. १४६९च्या सुमारास निकितिन हा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा बरोबर घेऊन येथेच उतरला. पुढे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे ठाणे बांधावयास घेतले. रेवदंड्याचा तट, वाड्यांत दडलेली पडकी प्रार्थनामंदिरे आणि ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा मनोरा हे त्या वैभवाचे अवशेष. समोरच्या डोंगरावरील कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये निजामशाही फौजेकडून घेतला. वसईच्या विजयानंतर, १७४० मध्ये, ही दोन्ही ठाणी मराठ्यांच्या हाती आली.

इतिहासाच्या पुस्तकात प्रकरण येथे संपते. गावात मात्र ते संपले नाही. फिरंगी सत्ता गेली, पण किल्ल्याखालची ख्रिस्ती कुटुंबे तेथेच राहिली. ही माणसे इथल्याच मातीतली. फिरंग्यांच्या चाकरीत आणि संसारात पोर्तुगीज शब्द त्यांच्या तोंडी बसले होते. धर्म निराळा म्हणून भोवतालच्या समाजाशी रोटीबेटी नाही आणि गोव्याशी नित्याचे दळणवळणही नाही. अशा एकांतात ही बोली टिकली. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात.

तिची मौज अशी की शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी. पोर्तुगीजात क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईकर ते आपल्यासारखे वाक्याच्या शेवटी नेतात. आपण पोर्तुगीजांकडून चावी, साबण, पगार, बटाटा असे सुटे शब्द उचलले. त्याच शेजारातून कोर्लईकरांनी आपले व्याकरण घेतले. कोणाचे देणे मोठे, हे ठरविणे कठीण आहे.

आज ही बोली बोलणारे सुमारे हजारभर आहेत. मुले मराठी शाळेत जातात, तरुण मुंबईची वाट धरतात, खाडीवर पूल झाल्यापासून गावाचा एकांतही उरलेला नाही. या गोष्टी त्यांच्या हिताच्याच आहेत. बोली जगावी म्हणून कोणी गरीब राहावे, असे मी म्हणणार नाही. तथापि तटाचा चिरा निखळला तर पुराणवस्तू खात्याला अर्ज करता येतो. आजीबरोबर गेलेल्या शब्दासाठी अर्ज कोठे करावयाचा? अमेरिकन भाषापंडित क्लेमेंट्स यांनी या बोलीवर १९९६ मध्ये अख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडे अलिबागच्या प्रवाशाला तिचे नावही कोणी सांगत नाही.

तेव्हा यंदा कोर्लईचा किल्ला चढलात, तर उतरताना घाईने मोटार गाठू नका. गावातले कोणी ओळखीचे निघाले तर अंगणात घटकाभर बसा. तुमच्याशी ती मंडळी मराठीतच बोलतील. आपापसांत बोलू लागली, की मात्र आपण गप्प राहावे.