मनीऑर्डर येईपर्यंत

रत्नागिरी शहरालगतच्या मिरजोळे गावाचे नाव आज औद्योगिक वसाहतीशी आणि विमानतळाशी जोडले जाते. १९३० साली यांपैकी काही नव्हते. या गावच्या मुलाला शहरातील हायस्कूल पायी गाठता येई. परंतु मॅट्रिकनंतर वाट खुंटे. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह साऱ्या मुलखात, एकही महाविद्यालय नव्हते. पुढे शिकायचे तर कोल्हापूरचे राजाराम, सांगलीचे विलिंग्डन, नाहीतर पुणे-मुंबई. त्यातही कॉलेजे जूनमध्ये उघडत आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरील आगबोटी बंद असत. म्हणून मुंबईस जाणाऱ्याला शेवटच्या बोटीआधीच पैशांची तजवीज करून निघावे लागे.

ही तजवीज होई कशी? आमचा जिल्हा मनीऑर्डरीवर जगणारा. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईच्या रहिवाशांपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. त्यांतील कितीतरी गिरण्यांत राबत होती. गावाकडचे खोताचे देणे आणि धाकट्या भावाची फी याच पगारातून निघे.

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेतील शेअरबाजार कोसळला आणि त्याचे हादरे इथवर आले. कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक १९१४ साली १०० धरला, तर १९२९ मध्ये तो १४१ होता. १९३३ मध्ये ८७ वर आला. शेतमालाची घसरण याहूनही मोठी. स्वस्ताई झाली म्हणजे गरिबाचे बरे झाले, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण भात स्वस्त झाले, फी स्वस्त झाली नाही. जी फी पूर्वी एका खंडीच्या विक्रीतून भागे, तिच्यासाठी आता जवळजवळ दुप्पट भात विकावे लागे. आणि कोकणातील लहान कुळाकडे विकण्याजोगे उरतच किती? आमच्या मते मंदीचे खरे दुखणे येथे होते. सावकाराचे व्याज, सरकारचा सारा आणि शाळेची फी हे आकडे जागचे हलले नाहीत; हलली ती माणसाची मिळकत.

तिकडे गिरण्यांत पगारकपात झाली, पाळ्या बंद पडल्या. १९३४ साली कपातीविरुद्ध मोठा संप झाला. सरकारी नोकरांचे पगारही १९३१ च्या अखेरीस शेकडा दहाने कापले गेले. त्याच सुमारास पोस्टकार्ड अर्ध्या आण्याचे पाऊण आणा झाले. पैसे मागण्याचे पत्रसुद्धा महागले!

मग घरातले सोने बाहेर निघाले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडले, तेव्हा तोळ्याला २१ रुपयांच्या आसपास असलेला भाव चढू लागला आणि दशकाच्या मध्यास पस्तिशीजवळ पोहोचला. देशभरातील अडल्यानडल्यांचे दागिने मुंबई बंदरातून परदेशी गेले. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही 'निर्यात' ठरते. घरात ती आईची पाटली असे. मंदीची झळ पोहोचण्याआधीच साताऱ्यात लक्ष्मीबाई पाटील यांनी भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले होते. १९३० साली त्या वारल्या. ते वसतिगृह मात्र निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीत जेवू घालत आणि श्रमाच्या बदल्यात शिकवत चालू राहिले.

एका पंक्तीचे महत्त्व आज ध्यानी येणार नाही. गरीब विद्यार्थ्याने वार लावून जेवण्याची जुनी रीत सांगताना आपण गहिवरतो. पण तो आधार प्रामुख्याने ब्राह्मण मुलांना होता. कुणब्याच्या, महाराच्या किंवा ख्रिस्ती मुलाला वार कोण देणार? त्याचा आसरा म्हणजे परळ-लालबागची गावकऱ्यांची खोली. पाळीवर गेलेल्याच्या जागी पथारी टाकायची, चाळीच्या दिव्याखाली वाचायचे. आपल्या वाचकांना गोवेकर ख्रिस्ती मंडळींच्या धोबीतलावावरील 'कूड' ठाऊक असतील. तेथेही गावाच्या नावावर अंथरूण मिळे आणि सायंकाळी वेदीपुढे रोझरी होई. दोन्ही ठिकाणी नियम एकच : गाव सांगा, आत या.

जेवण खानावळीत. गिरणगावातल्या खानावळी बहुधा बायकाच चालवीत, आणि पैसे महिन्याच्या हिशेबाने घेत. पगार थकला की त्यांचेही येणे थकायचे, तरी चूल पेटवावीच लागे. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांची नावे इतिहासात नोंदली गेली. या बायकांच्या उधारीच्या वह्या कोणी जपल्या नाहीत.

रत्नागिरीत महाविद्यालय निघाले ते १९४५ साली. आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय ते हेच. मिरजोळ्याच्या मुलाला सकाळी घरची पेज पिऊन कॉलेजात जाणे आणि संध्याकाळी घरी परतणे तेव्हापासून शक्य झाले. खोलीचे भाडे आणि खानावळ वाचली. फी तेवढी उरली.