आधी माती कुठे ठेवलीत?

खाण म्हटलं की लोकांना खड्डा आठवतो. आम्हा सावनेर-खाप्याकडच्या माणसांना आधी ढिगारा आठवतो. नागपूर परिसरातल्या मँगनीजसाठी १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी राहिली, १९०९ मध्ये फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने देशातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९६२ मध्ये आजची ‘मॉइल’ ही सरकारी मँगनीज कंपनी आली. त्या काळात खनिज टनावारी मोजलं गेलं. त्यापायी उपसलेल्या दगड-मुरमाकडे लक्ष जायला बराच वेळ लागला.

मी नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. ढिगाऱ्यावर धड गवतही का धरत नाही, असं विचारलं की मुलं म्हणत, ‘मॅडम, धातू जास्त आहे.’ उत्तर बरोबर, पण अर्धं. खणताना वरची हातभर माती सगळ्यांत आधी निघते आणि म्हणून ढिगाऱ्याच्या तळाशी जाते. वर येतो तो खोलातला दगड. त्यात नत्र नाही, कुजलेला पालापाचोळा नाही आणि मुळांशी सोयरीक करणारी बुरशीही नाही.

ही सोयरीक जर्मनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रांक यांनी १८८५ मध्ये नाव देऊन मांडली. प्रशियाच्या सरकारला खरं तर त्यांच्याकडून ट्रफल या महागड्या बुरशीची लागवड हवी होती. ती बाजूला राहिली आणि हाती लागलं मायकोरायझा. उजाड ढिगाऱ्यांशी त्याचा संबंध पुढे पेनसिल्व्हेनियात दिसला. तिथल्या दगडी कोळशाच्या काळ्या टाकाऊ जमिनीवर कोणती रोपं जगतात, हे श्रॅम नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं पाहत होते. १९६६ मध्ये त्यांनी लिहिलं की पाइन, बर्च, ओक यांच्या ज्या रोपांच्या मुळांवर लवकर बुरशी चढली, तीच तग धरून राहिली.

आपल्याकडच्या साग-कडुनिंबाची बुरशी वेगळी. ती मुळाच्या आत शिरते. वर्गात आम्ही बारीक मुळं पोटॅशच्या द्रावणात गरम करून पारदर्शक करायचो, मग ट्रायपॅन ब्लू घालायचो. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीत निळं, फांद्या फुटलेलं झुडूप दिसायचं. देवाणघेवाण तिथेच चालते: झाड साखर देतं, बुरशी स्फुरद देते. स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मुळालगतचा संपला की रोप उपाशी राहतं. बुरशीचे तंतू त्यापलीकडे पोचतात. काही बुरशी धातूही तंतूंत अडकवून ठेवतात, पण दर ठिकाणी तसं घडेलच असं नाही.

या ज्ञानाचा आमच्या भागातला प्रयोग म्हणजे गुमगावची मँगनीज खाण. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने तिथल्या ढिगाऱ्यावर खड्ड्यांत साखर कारखान्याची प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसातला गाळ, मिसळली, नत्र धरणारे जिवाणू घातले आणि मायकोरायझाही दिला. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून कुंडीत ज्वारी-मका लावून त्यांच्या मुळांवर ती पोसतात आणि ती माती-मुळं विरजणासारखी वापरतात. साग, शिसम, शिवण, कडुनिंब तिथे उभे राहिले. वीस वर्षांनी त्या झाडांनी किती कार्बन साठवला, यावर २०१० मध्ये शोधनिबंधही आला. श्रेय एकट्या बुरशीचं नाही. प्रेसमडशिवाय रोपांना ओलावा कुठून मिळाला असता?

तरीही गुमगावने मला शिकवलं ते एवढंच: विरजण बाहेरून आणावं लागलं, कारण घरचं आपणच गाडून टाकलं होतं. वरची माती वेगळी काढून जपली, तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. ती फार काळ ढीग करून ठेवली तर तिच्यातली बुरशीही मरत जाते, म्हणून लवकर पसरावी लागते. हल्ली कुणी खाणीवर किती रोपं लावली याचा आकडा सांगू लागलं, की मी आकड्याआधी विचारते, ‘वरची माती कुठे ठेवलीत? आणि किती दिवस झाले?’