चौक काढणाऱ्या हातांची नावे

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी पाककृती, आरोग्य, बालसंगोपन ह्या विषयांवर आपल्या भगिनी उत्तम लिहितात. ह्या खेपेस मी जरा निराळा विषय घेतला आहे. तो म्हणजे चित्रे, आणि ती काढणाऱ्या बायका. एक चित्र फ्रान्समधले, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे. दुसरे आपल्या ह्या डोंगरातले, मातीच्या भिंतीवरचे. दोन्ही बायकांच्या हातचीच. पहिलीचे नाव जगाला ठाऊक आहे. दुसरीचे नाव तिच्या पाड्याबाहेर कोणी विचारलेले नाही. असे का झाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

फ्रान्समधले चित्र नांगरणीचे आहे. त्या देशाच्या मध्यभागी निव्हर्ने नावाचा प्रांत आहे. तेथली नांगरणी ह्या चित्रात दाखविली आहे. मी ते अर्थातच छापील पाहिले. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे, आणि ते सुमारे साडेआठ फूट रुंद व साडेचार फूट उंच आहे. वर निरभ्र आकाश, मागे टेकडीचा उतार व झाडी, आणि पुढे नुकतीच उलटलेली ओली माती. सहा-सहा बैलांचे दोन नांगर एकामागून एक चालले आहेत. नांगरे मात्र बैलांच्या आड जवळजवळ झाकले गेले आहेत. चित्राचे नायक बैलच.

आपल्याकडे सूर्यमाळच्या चढउतारावर नांगराला एकच जोडी असते, तीही अंगाने बारकी. डोंगरउतारावर राब भाजायचा, रोपे करायची, मग पावसात नाचणी-वरीची लावणी करायची, ही आपली शेती. फ्रान्समधल्या त्या सपाटीच्या शेताशी तिचे फारसे साम्य नाही. तरीही जोताच्या बैलाची ताणलेली मान आणि ढेकळांची ओल आपल्याकडच्या कोणत्याही बाईला त्या चित्रात लगेच ओळखू येईल. सांगून समजवावे लागणार नाही.

ते चित्र काढणारी बाई म्हणजे रोझा बॉनर. तिचा जन्म १८२२ साली बोर्दो शहरी झाला. वडील रेमाँ बॉनर हे स्वतः चित्रकार होते. घरी बेताचेच होते. रोझा अकरा वर्षांची असतानाच आई वारली. त्या काळी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार मुलींना बंद होते. ते १८९७ साली उघडले. म्हणजे रोझा पंचाहत्तर वर्षांची झाली तेव्हा! तेव्हा तिला शिकविले ते वडिलांनी. जनावरांचा अभ्यास करण्यासाठी ती घोड्यांच्या बाजारात व खाटीकखान्यांत जाऊन बसे. झग्यात तेथे वावरणे कठीण, म्हणून तिने पुरुषी विजार घालण्याचा लेखी परवाना पोलिसांकडून घेतला. बाईने विजार घालावी ह्यासाठी तेथे परवाना लागत असे, हे वाचून आज हसू येते.

१८४८ साली फ्रान्सच्या सरकारने तिला नांगरणीचे चित्र काढण्याचे काम दिले आणि त्यासाठी तीन हजार फ्रँक ठरविले. १८४९ च्या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात ते मांडले गेले आणि तिचे नाव झाले. त्याच वर्षी वडील गेले, आणि मुलींना चित्रकला शिकविणारी त्यांची शाळा तिने चालवावयास घेतली. १८६५ साली महाराणी युजेनीने स्वतः तिच्या घरी जाऊन तिला फ्रान्सचा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला. तो मिळविणारी ती पहिली स्त्री-चित्रकार. १८९९ साली ती वारली. हे सारे आज आपण वाचू शकतो, ह्याचे कारण तिच्या हाताचे कौशल्य तर आहेच; पण दुसरेही एक कारण आहे. तिच्या चित्राबरोबर तिचे नाव लिहिले गेले. सरकारच्या दप्तरात लिहिले गेले, प्रदर्शनाच्या यादीत लिहिले गेले, मोबदला देताना लिहिले गेले.

आता आपल्या भिंतीकडे वळू.

वारली घरात लग्न निघाले की चौक काढल्यावाचून ते पुरे होत नाही. घराच्या आतली भिंत शेण-मातीने सारवून तिच्यावर गेरूचा हात फिरवितात. तांदूळ वाटून पाण्यात कालवितात, तोच पांढरा रंग. बांबूची काडी एका टोकाला चावून मऊ केली की झाली पिंशी. चौक काढावयाचा मान सवासिणींचा, आणि लग्नाची गाणी म्हणून सारे विधी चालविणारी धवलेरी हीसुद्धा बाईच. चौकटीच्या मध्ये पालघट देवी असते. दुसऱ्या चौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, आणि टोकाला टोक जुळविलेल्या दोन त्रिकोणांची माणसे. मधला भाग देवाचा. पण भोवताली पाहिले तर आपला डोंगर, आपले रान आणि आपलेच माणूस दिसते. रोझाबाईने एका दिवसाची नांगरणी रंगविली. आपल्या सवासिणींनी सगळे शिवार एका चौकटीत बसविले.

ह्या चित्राला सही नाही आणि त्याचे आयुष्यही थोडे. पुढची सारवण झाली, दोन पावसाळे गेले, की ते पुसले जाते. पुढच्या लग्नाला नवा चौक, आणि तो काढणारे हात कदाचित वेगळे. आईकडून, सासूकडून, जावेकडून पाहून पाहून मुली शिकतात. फ्रान्समध्ये मुलींना कलाशाळेचे दार बंद होते त्या काळातही आपल्या पाड्यांत चित्रकला बायकांच्याच हाती होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे काय झाले ते बहुतेकींना ऐकून ठाऊक असेल. १९७० च्या सुमारास भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामानिमित्त डहाणूकडच्या पाड्यांत आले. त्यांनी कागद व रंग आणून दिले. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. त्यात गंजाडचे जिव्या सोमा म्हसे हे पुढे आले. लग्नाच्या चौकाची चौकट सोडून त्यांनी मासे धरण्याचे जाळे, शेत, मुंग्यांची रांग, गावातले रोजचे काम असे विषय रंगविले. त्यांचे जाळ्याचे चित्र तर आता जगप्रसिद्ध आहे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन भरले. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री त्यांना मिळाली. २०१८ साली ते वारले. १९८९ मध्ये पॅरिसला जगभरच्या कलाकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले, त्यातही त्यांची चित्रे होती. ज्या शहरात १८४९ साली रोझाबाईची नांगरणी मांडली गेली, त्याच शहरात १४० वर्षांनी वारली चित्र पोहोचले. ही आपल्या सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे, आणि जिव्याबाबांचा मोठेपणा कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

परंतु एक प्रश्न मनातून जात नाही. शेकडो वर्षे जी कला बायकांची होती, ती कागदावर येताच पुरुषांच्या नावाने का ओळखली जाऊ लागली? ती मुळातच जगाला आवडली नसती, असे तर नव्हे. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, बिहारच्या मिथिला भागात कागद घेऊन गेले होते. तेथेही घरातल्या भिंती बायकाच रंगवीत. पण तेथे कागद बायकांच्याच हाती राहिला, आणि जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. सीता देवी, गंगा देवी ह्यांनाही पुढे तोच मान मिळाला. एकच कागद, दोन मुलुख. एका ठिकाणी बायकांची नावे राहिली, आपल्याकडे फार थोडी राहिली.

मला दिसणारी कारणे साधी आहेत. कागदावरचे चित्र विकायचे म्हणजे शहरात जायचे, मुक्काम करायचा, व्यापाऱ्याशी बोलायचे. लेकुरवाळ्या बाईला, लावणी आणि पाणी-लाकडे ज्या अंगावर आहेत तिला, हे कसे जमावे? शिवाय आपल्या दृष्टीने चौक हे चित्र नव्हेच, तो विधी. एका वृद्ध मावशींना मी विचारले होते, की तुम्ही इतके चौक काढलेत, कधी खाली नाव घालावे असे वाटले नाही का? त्या म्हणाल्या, “ते देवाचं. त्यावर माझं नाव कशाला?” ह्या उत्तरापुढे मला बोलता आले नाही, आणि आजही त्यात काही चूक आहे असे वाटत नाही. देवचौकावर सही नसावी हेच बरोबर.

कागदाने एक गोष्ट चांगलीही केली, तीही सांगितली पाहिजे. चौक काढावयाचा तो सवासिणीनेच. कपाळ पांढरे झाले की तिची बोटे कितीही तरबेज असोत, लग्नाच्या भिंतीजवळ तिला जागा नाही. कागदाला असा नियम नाही. तेथे विधवाही काढू शकते, कुमारिकाही काढू शकते. आता तर घरे पक्की झाली, मातीच्या भिंती कमी झाल्या; तेव्हा पुष्कळ मुलींचा हात ह्यापुढे कागदावर आणि कापडावरच बसणार. त्या मुलींनी खाली नाव घालावे. तेथे देवाचा प्रश्न येत नाही.

आणि जुन्या चौकांचे काय? त्यांच्यासाठी मंडळाने एक वही घालावी अशी माझी विनंती आहे. आपल्या व आसपासच्या पाड्यांत लग्न झाले की चौक कोणी काढला, तिचे माहेर कोणते, ती कोणाकडून शिकली आणि धवलेरी कोण होती, एवढे चार शब्द त्यात लिहावे. त्यांच्या परवानगीने, अर्थात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावे, आपल्यापैकी कोणी लिहून घ्यावे. भिंतीवर काही लिहावयाचे नाही. ज्या म्हाताऱ्यांनी सर्वांत जास्त चौक काढले त्यांच्यापासून आरंभ करावा, कारण त्यांच्याजवळ वेळ थोडा आहे.

चिटणीस भगिनींनी मनावर घेतले तर पुढच्या वर्धापनदिनापर्यंत पहिली काही पाने भरतील, आणि ती यादी ह्याच स्मरणिकेत छापता येईल. वही माझ्याकडून.