झोपलेला संगणक काय खातो?

शनिवारी सकाळची शाळा सुटताना लॅपटॉप मिटून कपाटात ठेवावा, तेव्हा बॅटरी ८० टक्के भरलेली असावी, आणि सोमवारी उघडावा तर पडदा काळा! हा अनुभव अनेक शिक्षकांना नवा नाही. मधल्या वेळात लॅपटॉपला कुणी हातही लावलेला नसतो. मग वीज गेली कुठे? 'बॅटरी जुनी झाली' हे आपले ठरलेले उत्तर. कधी ते बरोबरही असते. पण पुष्कळदा खरे कारण बॅटरीत नसून 'झोप' या शब्दात दडलेले असते. संगणकाची झोप म्हणजे नेमके काय, आणि तिचा अर्थ कसा बदलत गेला, हा इतिहास पाहिला की कोडे उलगडते.

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न नुसत्या गैरसोयीचा राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातले अक्कलकुवा आणि धडगाव हे तालुके सातपुड्याच्या डोंगरात आहेत. वस्ती पाड्यापाड्यांत विखुरलेली. याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे, बुबुळांचे चित्र, छायाचित्र हे सारे लॅपटॉपला जोडलेल्या यंत्रांवर घेतले जाते. डोंगरातल्या पाड्यावर नोंदणीसाठी नेलेला लॅपटॉप वाटेतच रिकामा झाला, तर दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभी राहिलेली माणसे तशीच परत जाणार. शहरात जी अडचण भिंतीवरच्या प्लगने मिटते, ती इथे एका दिवसाची होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झोपलेल्या संगणकाला वीज लागतेच कशाला?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक कामाला लागला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २०४८ शब्द मावत. म्हणजे शून्य किंवा एक अशा एकूण ८१,९२० खुणा. प्रत्येक खुणेसाठी फेराइट या चुंबकीय पदार्थाचे एक बारीक कडे. कड्यातले चुंबकत्व एका दिशेला असले तर शून्य, उलट दिशेला असले तर एक. या स्मृतीचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वीज बंद केली तरी चुंबकत्व जात नाही, म्हणून लिहिलेले पुसले जात नाही. अशा स्मृतीला झोपेत काही खायला लागत नव्हते.

पण कडी ओवणे किचकट आणि महाग होते. १९६६ साली आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना निराळी कल्पना सुचली. एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलेसे संधारित्र (कपॅसिटर) यांच्या जोडीत एक खूण साठवायची. संधारित्रात विद्युतप्रभार असला तर एक, नसला तर शून्य. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चकती बाजारात आली. तिची रचना थोडी वेगळी होती, पण तत्त्व प्रभार साठवण्याचेच. अशी स्मृती स्वस्त आणि आटोपशीर होती. काही वर्षांतच फेराइटची कडी मागे पडली.

या स्वस्ताईची किंमत मात्र होती. इतके लहान संधारित्र म्हणजे गळका माठ. भरला की लगेच पाझरू लागतो. म्हणून स्मृतीतली प्रत्येक खूण साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा, वाचून पुन्हा भरावी लागते. आज ८ गिगाबाइट स्मृतीच्या लॅपटॉपमध्ये असे सुमारे ६,८७० कोटी माठ असतात. पाणी भरणारा थांबला की सारी पाटी कोरी!

संगणक सदैव प्लगला जोडलेला असे, तोवर याची कुणाला फिकीर नव्हती. मांडीवरचे संगणक आले आणि विजेचा हिशेब सुरू झाला. १९९२ साली अमेरिकेत 'एनर्जी स्टार' ही वीजबचतीची योजना आली. रिकामा बसलेला संगणक आपोआप मंद व्हावा, असा तिचा आग्रह होता. त्याच वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी विजेच्या व्यवस्थापनाचे पहिले समान नियम ठरवले. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाही त्यांच्याबरोबर आली आणि झोपेच्या पायऱ्या नीट आखल्या गेल्या.

त्यातल्या दोन पायऱ्या आपल्या कामाच्या आहेत. 'एस-३' या पायरीत पडदा, डिस्क, प्रोसेसर सारे बंद होते. फक्त स्मृतीचे माठ भरत राहतात. हीच आपली ओळखीची 'स्लीप'. 'एस-४' मध्ये स्मृतीतला सगळा मजकूर आधी डिस्कवर उतरवून घेतात आणि मग स्मृतीचीही वीज तोडतात. ही 'हायबरनेट'. पहिलीतून जाग येते चटकन, पण वीज खर्चत राहते. दुसरीतून जागे व्हायला वेळ लागतो, पण खर्च जवळजवळ शून्य.

पुढे मोबाइल फोन आले. फोन खिशात निजलेला असला तरी निरोप घेतो. लॅपटॉपनेही तसेच वागावे, म्हणून २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आणि २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर नवी झोप आली. तिला 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणतात. यात प्रोसेसर पुरता बंद होत नाही, डुलकी घेतो. मधूनमधून उठून टपाल पाहतो, प्रणालीची नवी आवृत्ती उतरवतो. सारे सुरळीत असले तर खर्च थोडाच होतो. पण एखादा प्रोग्राम किंवा जोडलेले उपकरण त्याला डोळा लागू देत नसेल, तर बंद दिसणारा लॅपटॉप दप्तरात तापत राहतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत जुनी 'एस-३' झोप उपलब्धच नाही.

याचे गणित वर्गात सहज मांडता येईल. समजा, बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि ८० टक्के भरली आहे. म्हणजे शिल्लक ४० वॅट-तास. शनिवारी दुपारी १२ पासून सोमवारी सकाळी १० पर्यंत ४६ तास होतात. झोपेतला खर्च पाव वॅट असला तर ११.५ वॅट-तास जातील. सोमवारी ५७ टक्के उरतील. अर्धा वॅट असला तर २३ जातील. ३४ टक्के उरतील. एक वॅट असला तर ४६ लागतील, आणि आपल्याकडे आहेत ४०! जुन्या बॅटरीत मुळात २५ वॅट-तासच मावत असतील, तर त्याच अर्ध्या वॅटने टक्के दुप्पट वेगाने उतरतील.

दोष बॅटरीचा की झोपेचा, हे कसे ओळखावे? विज्ञानाची नेहमीची रीत वापरू. एका रात्री लॅपटॉप 'स्लीप'मध्ये ठेवून संध्याकाळचे आणि सकाळचे टक्के लिहावेत. दुसऱ्या रात्री तितकेच तास तो पूर्ण 'शट डाउन' करून ठेवावा. दोन्ही वेळा पेन ड्राइव्ह, माउसची कळ, चार्जिंगला लावलेला फोन काढून ठेवावा. बाकी काही बदलू नये. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ही बॅटरी स्वस्थ पडून असली तर महिन्याला थोडेच टक्के गमावते. त्यामुळे बंद लॅपटॉपचे टक्के एका रात्रीत बरेच उतरले तर बॅटरीवर किंवा अंतर्गत मंडलावर संशय घ्यावा. ते तसेच राहिले आणि फक्त झोपेत उतरले, तर चोर झोपेत आहे.

आपल्या यंत्रात कोणती झोप आहे हेही पाहता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी' (पॉवर हा पूर्ण शब्द, त्याला लागून सी, एफ, जी), मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए, अशी आज्ञा रोमन लिपीत टंकावी. उत्तरात 'एस-३' आले तर झोप जुनी, 'एस-०' आले तर नवी. नवी असेल तर मिटण्यापूर्वी वायफाय बंद करून पाहावे. दोन्हींवर खात्रीचा उपाय एकच. कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन झाकण मिटल्यावर 'स्लीप'ऐवजी 'हायबरनेट' व्हावे असे ठरवून द्यावे. तासिकांच्या मधल्या वेळेला स्लीप ठीक. पण रात्र, रविवार किंवा डोंगरवाट असेल तर हायबरनेटच बरे.

एका वॅटला एवढे महत्त्व द्यावे का? धडगाव तालुक्यातल्या बिलगाव येथे गावकऱ्यांच्या श्रमदानातून २००३ साली एक छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला होता. त्याची क्षमता १५ किलोवॅट. २००६ च्या पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला. एकेक वॅट खाणारे १५,००० लॅपटॉप नुसते झोपून राहिले, तर बिलगावच्या त्या प्रकल्पाची सगळी वीज संपली असती. 'कायम हजर' राहणारी झोप ज्यांनी आखली, त्यांच्या भिंतीवर प्लग होता आणि प्लगमध्ये वीज होती. आपल्या शाळेत तसे आहे का, हे पाहून झोपेची पायरी आपणच निवडावी. आठवी-नववीच्या मुलांना वरच्या दोन रात्रींच्या नोंदी घ्यायला सांगाव्यात आणि वॅट काढायला लावावेत. विजेच्या धड्यातले सूत्र त्यांना कपाटातल्या लॅपटॉपमध्ये भेटेल.