फितीतला आवाज आणि आकड्यांतला आवाज

आमच्या मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेटींचे दोन खोके आहेत. कोणाच्या घरची मंगळागौरीची गाणी, कोणाच्या आजोबांचे कीर्तन, कोणाच्या दिवाणखान्यातील मैफल. या फिती संगणकावर उतरवून मूळ कॅसेटी टाकून द्याव्यात, अशी सूचना मागील सभेत आली. ‘डिजिटल आवाज केव्हाही सरसच’ हे त्या सूचनेमागील गृहीत होते. ते कितपत खरे आहे, हे ठरविण्यापूर्वी या दोन्ही साधनांचा इतिहास पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट प्रथम मांडली, ती प्रामुख्याने बोलणे टिपून ठेवण्यासाठी. फितीची रुंदी अवघी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ध्वनिमुद्रणगृहांतील मोठ्या फिती सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत. कॅसेटच्या वाट्याला चुंबकीय द्रव्य कमी आल्याने आवाजामागे सतत ‘स्स्स’ असा खर ऐकू येई आणि तार स्वर दुबळे पडत. पुढे डॉल्बी-बी या पद्धतीने खर कमी झाला, १९७९च्या सुमारास धातुकणांच्या फिती आल्या. सोनीच्या १९७८ मधील टीसी-डी५ सारख्या खांद्यावरून नेण्याच्या यंत्राने तर चांगल्या मायक्रोफोनच्या साहाय्याने उत्तम मुद्रण होऊ लागले. १९७९ मध्ये त्याच कंपनीने वार्ताहरांसाठीच्या एका छोट्या यंत्रातील मुद्रणाची सोय काढून वॉकमन बनविला. खिशातील यंत्र टिपणारे न राहता केवळ ऐकविणारे झाले.

कॅसेटचा दुसरा दोष वेगाचा. बॅटरी उतरली वा पट्टा सैल झाला की फीत रेंगाळते. वेगात शंभरात सहा भागांचा फरक पडला, तर पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये गेल्यासारखा वाटतो. स्थिर तंबोऱ्यावर तर सूक्ष्म डळमळही लगेच कानाला खुपते.

डिजिटल पद्धतीत हे दोष जवळजवळ उरत नाहीत. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनीचे माप घेऊन ते आकड्यांत लिहिलेले असते. सर्वांत क्षीण व सर्वांत मोठ्या ध्वनीतील अंतर साध्या कॅसेटवर सुमारे ५० डेसिबल, तर सीडीवर ९६पर्यंत जाते. मापांच्या तक्त्यात कॅसेट हरते, यात शंका नाही.

परंतु खिशातील यंत्रांत हा आवाज जसाच्या तसा मावत नव्हता. १९९८ साली आलेल्या एमपीमॅन व रिओ या यंत्रांची साठवण ३२ मेगाबाइट होती. सीडीच्या दर्जाचे जेमतेम तीन मिनिटांचे संगीत तीत बसले असते. मार्ग दिला तो एमपी-थ्रीने. मोठ्या ध्वनीआड झाकला जाणारा बारीक ध्वनी कानाला कळत नाही, म्हणून तो वगळावा, हे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी विकसित केलेल्या या पद्धतीचे तत्त्व. सेकंदाला १२८ किलोबिट या प्रमाणात मूळ माहितीचा अकरावा भागच उरतो. २००१ च्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइट जागा आली, तरी रिवाज हाच राहिला. (आयपॉडचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले.) प्रमाण अडीचशे किलोबिटांच्या पुढे ठेवल्यास फरक ओळखणे बहुतेकांना कठीण जाते. प्रमाण कमी ठेवल्यास मात्र तबल्याच्या चाटीची धार बोथट होते आणि ‘स’, ‘श’ घोगरट वाटतात.

येथेच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. कॅसेटचा खर आवाजावर धुळीसारखा बसतो, खाली आवाज राहतो. बिघडलेला वेगही पुढे दुरुस्त करता येतो. एमपी-थ्रीने वगळलेले मात्र परत मिळत नाही. शिवाय खर हा अनियमित ध्वनी असल्याने त्याची माहिती आटविणे अवघड असते. जुन्या कॅसेटचे कमी प्रमाणातील एमपी-थ्री केले, तर मोजक्या जागेतील मोठा वाटा खरच खातो आणि आजीचा आवाज उपाशी राहतो.

फितीही अमर नाहीत. म्हणून उतरविण्याचे काम लांबविता येणार नाही. मात्र ते करताना चांगल्या यंत्राच्या हेडचा कोन प्रत्येक फितीशी जुळवावा, डॉल्बीची कळ मुद्रणाच्या वेळी होती तशीच ठेवावी, पहिली प्रत काहीही न वगळता वेव्ह वा फ्लॅक स्वरूपात घ्यावी. घरोघर वाटण्यासाठी त्यावरून एमपी-थ्री खुशाल करावे. आणि मूळ कॅसेट टाकू नये.

या खोक्यांत आमच्या पणज्यांची माळव्याच्या वाऱ्याला लागलेली मराठी आहे. तशी बोलणारी माणसे आता आमच्या घरांत फारशी उरलेली नाहीत. त्या बोलीतील कोणता ध्वनी अनावश्यक, हे एखाद्या यंत्राने ठरवू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.