शब्दांचा सोऱ्या

प्रवरेच्या काठी नेवासे येथे पैसाचा खांब आहे. त्या खांबाशी टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. ते वर्ष शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या एवढा हा ग्रंथ मग हातोहात पसरला. हातोहात हा शब्द येथे अगदी अक्षरशः घ्यावयाचा. एकाची पोथी पाहून दुसऱ्याने नक्कल करावी, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने. एकाचा डोळा चुकून एक ओळ गळाली, की ती पुढच्या साऱ्या पोथ्यांतून गेली. एखाद्या भाविकास स्वतःची ओवी सुचली व त्याने ती समासात लिहून ठेवली, की पुढचा लेखक तीही मूळ समजून आत घेई.

नेवाशाहून थोडे पुढे गेल्यावर टोका गावापाशी प्रवरा गोदावरीस मिळते, आणि त्याच गोदेच्या काठाने खाली उतरले की पैठण लागते. तेथे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ह्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. मधे २९४ वर्षे उलटली होती. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला, असा त्यांचा निर्वाळा आहे. आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा इशाराही त्यांनी दिला आहे. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याजवळची पोथी छापली. ती एकनाथांच्याही पूर्वीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पाठांचा वाद पुन्हा पेटला.

ह्या कामाकडे जरा व्यवहाराच्या नजरेने पाहिले तर त्याचे दोन भाग दिसतात. पोथी उघडणे, ओळीमागून ओळ वाचणे, ती जशीच्या तशी नव्या पानावर उतरवणे, हा एक भाग. तो कंटाळवाणा, डोळे थकवणारा आणि दर वेळी तोच. दुसरा भाग निवाड्याचा: ही ओवी ठेवावी की गाळावी, हा शब्द खरा की तो. विद्वत्ता दुसऱ्या भागाला लागते. आयुष्य मात्र पहिल्या भागात खर्ची पडते. पहिला भाग एकदाच नीट बांधून ठेवता आला आणि दर वेळी फक्त निवाडा बदलता आला, तर किती बरे होईल!

घरोघरच्या गृहिणींना हे कोडे नाही. दिवाळीच्या आधी माळ्यावरून खाली येणारा सोऱ्या पाहा. नळी एकच, दट्ट्या एकच, हाताचा जोरही तोच. खालची चकती तेवढी बदलली की कधी चकली पडते, कधी शेव, कधी कडबोळ्यासाठी जाड दोरी. चकलीसाठी वेगळे यंत्र आणि शेवेसाठी वेगळे, असे कोणी घडवीत बसत नाही.

शब्दांसाठी असा सोऱ्या घडला तो अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील बेल प्रयोगशाळेत. डग्लस मॅकिलरॉय ह्या गणितज्ञाने ऑक्टोबर १९६४ मध्ये एक टिपण लिहिले. बागेला पाणी देण्याची नळी कमी पडली की आपण दुसरी नळी जोडतो, तसे संगणकाचे कार्यक्रम एकमेकांस जोडता यावेत, एवढेच त्याचे मागणे. ते पुरे व्हावयास नऊ वर्षे लागली. १९६९ मध्ये तेथेच केन टॉमसन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ह्या कार्यप्रणालीचा पाया घातला होता. १९७३ मध्ये टॉमसनने तिच्यात ही जोडणी बसवली, आणि तीही म्हणे एका रात्रीत.

ज्यांनी संगणक फक्त चित्रांच्या पडद्यावर पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा हवा. ह्या पद्धतीत पडद्यावर नुसती एक रिकामी ओळ असते. तिच्यावर आज्ञा लिहावयाची आणि कळ दाबावयाची. एक आज्ञा म्हणजे एक चाळणी. एकीकडून मजकूर आत येतो, दुसरीकडून चाळून बाहेर पडतो. एक चाळणी हव्या त्या ओळी निवडते, दुसरी त्या क्रमाने लावते, तिसरी मोजते. पहिलीतून गळलेले दुसरीत, दुसरीतले तिसरीत. प्रत्येकीचे काम लहान, परंतु रांग लावली की मोठी कामे होतात.

ह्यातली सर्वांत प्रसिद्ध चाळणी ग्रेप. तिच्या जन्माची हकीकत ब्रायन कर्निगन सांगतात, आणि ती आपल्या पोथ्यांच्या गोष्टीशी फार जवळची आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७–८८ मध्ये तिघांनी मिळून एकाच टोपणनावाने ८५ लेख लिहिले. त्यांतल्या काहींचा खरा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक चालला. ली मॅकमहॉन ह्या सहकाऱ्यास ते लेख शब्दशब्द तपासावयाचे होते. पण त्या वेळच्या संपादन-यंत्रणेत एवढा मजकूर एका वेळी मावेना. तेव्हा टॉमसनने त्या यंत्रणेतला शोधण्याचा भाग तेवढा वेगळा काढून दिला. आता मजकूर कितीही मोठा असो, तो ओळीओळीने चाळणीतून जाऊ लागला. पाठ तपासणाऱ्याची नड भागवण्यासाठी एक हत्यार जन्मास आले.

परंतु अशा चाळण्या वाढू लागल्या तसा पोथीवाल्यांचा जुना त्रास परत आला. प्रत्येक चाळणीत तोच तो भाग पुन्हा लिहावा लागे: फाइल उघडा, ओळ घ्या, संपली का पाहा, पुढे पाठवा. १९७६ मध्ये कर्निगन व प्लॉगर ह्यांनी ‘सॉफ्टवेअर टूल्स’ हे पुस्तक लिहिले आणि हा सामाईक भाग बाजूस काढण्याची रीत घालून दिली. अक्षर आत घेणे, अक्षर बाहेर देणे, फाइल उघडणे, अशा मोजक्या साहाय्यक क्रिया एकदाच लिहावयाच्या आणि सर्व चाळण्यांनी त्यांचाच उपयोग करावयाचा. दुसऱ्या यंत्रावर जायचे झाले तर तेवढ्याच क्रिया बदलाव्यात. वरच्या चाळण्यांना धक्का लागत नाही. त्या पुस्तकातला पहिलाच कार्यक्रम आलेले अक्षर जसेच्या तसे पुढे देणारा आहे. आधी प्रामाणिक नक्कल साधावी, मगच निवाड्याला हात घालावा, हा जणू पोथीलेखकाचाच पहिला पाठ! पुढे १९८७ मध्ये भाषाशास्त्राचा अभ्यास केलेल्या लॅरी वॉल ह्याने पर्ल ही भाषा रचली. तिच्यात हा सामाईक भाग दोन कोनी कंसांत येऊन बसला. फाइलींची नावे दिली असतील तर त्या वाच, नसतील तर मागच्या चाळणीतून येईल ते घे, एवढा सगळा अर्थ त्या कंसांत सामावलेला.

सोऱ्यात पीठ आणि तेल वेगळे लागते, तसे येथेही एक पथ्य आहे. आरंभी चाळणीच्या तक्रारीही मजकुराबरोबरच बाहेर पडत. त्यामुळे एकदा छपाईच्या यंत्रातून सुबक कागद निघाला, त्यावर सुरेख टंकात एवढेच उमटले होते, की फाइल उघडता येत नाही! त्यानंतर तक्रारींसाठी निराळी वाट काढण्यात आली.

हे सर्व इंग्रजी अक्षरांसाठी झाले. आपल्या लिपीशी गाठ पडताच ह्या चाळण्या अडखळतात. संगणकात प्रत्येक अक्षर आकड्यांच्या रूपाने साठवले जाते. देवनागरीसाठी युनिकोड ह्या जागतिक संकेतात १९९१ मध्ये जागा राखली गेली. आता प्रचलित असलेली साठवणीची पद्धत टॉमसन व रॉब पाइक ह्यांनी १९९२ मध्ये योजली. तीत इंग्रजी अक्षरास एक घर लागते, तर देवनागरीच्या प्रत्येक खुणेस तीन. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणू. यंत्र हलन्त आणि मात्रा सुट्या मोजते, म्हणून त्याच्या हिशेबी खुणा ११ आणि घरे ३३. घरे मोजून शब्द तोडणारी जुनी चाळणी आपल्या अक्षराचा मधोमध तुकडा पाडते.

आणखी गंमत म्हणजे ‘सोऱ्या’ हाच शब्द यंत्रात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. कोणी ऱ हे एकच चिन्ह घेतो, कोणी र खाली नुक्ता देतो, कोणी र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात; परंतु पहिल्यात खुणा सहा, उरलेल्या दोहोंत सात. एका रूपाने शोध घेतला तर बाकीचे दोन सापडत नाहीत. पहिली दोन रूपे एक करण्याचा नियम युनिकोडमध्येच आहे. तिसऱ्याची काळजी आपणच वाहिली पाहिजे. आणि ती काळजी जपून घ्यावी, कारण ऱ सरसकट र करून टाकला तर अकोले तालुक्यातल्या खोल दऱ्यांचा एका क्षणात दर्या होईल, आणि सह्याद्रीत गलबते फिरू लागतील!

त्यापुढे व्याकरण उभेच. ‘नेवासे’ शोधू गेले तर ‘नेवाशाला’ हाती लागत नाही, कारण विभक्ती लागताच शब्दाचे अंग बदलते. राहाता, अकोले, श्रीगोंदे ह्यांचीही तीच कथा. पारनेर आणि संगमनेर तेवढी सरळ वागतात.

युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर इंग्रजी आकड्यांच्या जागी मराठी आकार बसवून जुळवला जाई, आणि प्रत्येक टंकाची मांडणी निराळी असे. तो टंक हरवला की फाइलीत नुसता इंग्रजी कचरा उरतो. १९९० नंतरचे कितीतरी मराठी लेखन अशा फाइलींत अडकले आहे. ते सोडवणाऱ्या चाळणीस ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या डावीकडून उचलून मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. अशा वेळी प्रत्येकाने आपापली चाळणी पहिल्यापासून लिहिणे म्हणजे शेजारच्या घरी सोऱ्या असता आपण लोहाराकडे जाण्यासारखे. रूपे एकसारखी करणे, अक्षरे आपल्या रीतीने मोजणे, अंगबदल ओळखणे, एवढा मराठी साहाय्यक भाग एकदा चांगला लिहून सर्वांना खुला ठेवला, तर पोथी, गॅझेटियर, दिवाळी अंक, सर्वांना तो पुरतो.

निवाडा मात्र चाळणीवर सोडता येत नाही. २०२४ साली अहमदनगरचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. दप्तरातल्या याद्यांत नाव बदलावयास एका ओळीची आज्ञा पुरे. तीच आज्ञा इतिहासाच्या पुस्तकावर चालवली तर मलिक अहमदाने वसवलेल्या शहराच्या जन्मकथेतही नवे नाव शिरेल आणि त्या वाक्याला अर्थ राहणार नाही. कोठे बदलावे आणि कोठे बदलू नये, हे माणसानेच ठरवावयाचे.

म्हणूनच जाणते लोक सामाईक भागात दोन गोष्टी कायमच्या बसवून ठेवतात. मूळ फाइलीवर कधी लिहावयाचे नाही, शुद्ध केलेला मजकूर नव्या फाइलीत जावयाचा. आणि काय बदलले व केव्हा, ह्याची नोंद मागे राहावयाची. पैठणच्या त्या शोधकाने आपल्या शुद्धीचा शक ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेवला. त्याच नोंदीमुळे आज चारशे वर्षांनंतरही, कोणता हात पोथीवरून केव्हा फिरला, हे आपल्याला सांगता येते.